गेम इंजिनच्या जुन्या व नव्या आवृत्त्यांची कार्यक्षमता : ‘राजी’च्या निमित्ताने एक चिकित्सा

प्रस्तावना

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती जुनीपेक्षा सरसच असणार, असे आपण गृहीत धरतो. ती आपल्या संगणकावर अडखळू लागली की तितक्याच तत्परतेने ‘नवी आवृत्ती जड आहे’ असा निकाल देऊन मोकळे होतो. यंत्रे जितक्या झपाट्याने वेगवान होतात त्याहून अधिक झपाट्याने सॉफ्टवेअर मंदावते, ही तक्रार संगणकशास्त्रज्ञ निक्लाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच नोंदविली होती. गेम इंजिनांच्या आवृत्त्यांविषयी आज जी चर्चा चालते तिच्यात या तक्रारीचाच पुनरुच्चार आढळतो. परंतु या चर्चेत ज्या दोन गोष्टींची तुलना केली जाते त्या मुळात तुलनीय आहेत काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. पुण्यात निर्माण झालेल्या ‘राजी : ॲन एन्शन्ट एपिक’ या गेमच्या आधारे हा प्रश्न तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

इतर विद्याशाखांतील वाचकांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. गेम इंजिन म्हणजे प्रत्यक्ष गेम नव्हे. नाटकाला जसे रंगमंदिर, तसे गेमला इंजिन. नेपथ्य उभारणे, प्रकाश पाडणे, पात्रांना हालचाल देणे, ध्वनी वाजविणे ही सर्व कामे ते करते. संहिता व दिग्दर्शन मात्र गेम रचणाऱ्याचे असते. इंजिनला ही कामे सेकंदाला ३० वा ६० वेळा नव्याने करावी लागतात. अशा प्रत्येक चित्राला ‘फ्रेम’ म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर एका फ्रेमसाठी केवळ १६.६७ मिलिसेकंद मिळतात. कार्यक्षमतेचा सारा वाद या अत्यल्प अवधीच्या वाटणीचा वाद होय.

‘राजी’ : मर्यादेतून घडलेले रूप

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने ‘राजी’ घडविली. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणीचा केलेला प्रयत्न अयशस्वी ठरला. तरीही काम चालू राहिले. १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेन्डो स्विचवर आणि १५ ऑक्टोबर २०२० रोजी संगणक, प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन यांवर ती प्रकाशित झाली. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र गेमसाठी तिला नामांकन मिळाले. तिचे इंजिन होते अनरिअल इंजिन ४.

‘राजी’ प्रथम ज्या यंत्रावर आली तो स्विच २०१७ सालचा, ४ जीबी स्मृतीचा, हातात मावणारा. ही बाब लक्षात ठेवून गेमचे रूप पाहिले असता काही गोष्टी ठळकपणे जाणवतात. कॅमेरा खेळणाऱ्याच्या हाती नाही. तो बहुधा उंचावर, निर्मात्याने ठरविलेल्या जागी असतो. कथाभाग छायाबाहुल्यांच्या खेळासारख्या दृश्यांतून सांगितला जातो. चित्रणशैलीवर पहाडी लघुचित्रांचा प्रभाव आहे.

समीक्षकांनी या गोष्टींचे सांस्कृतिक मूल्य वाखाणले, ते योग्यच आहे. परंतु त्यांना दुसरीही बाजू आहे. कॅमेरा निश्चित असला की पुढच्या क्षणी पडद्यावर काय येणार हे निर्मात्याला आधीच ठाऊक असते. जे दिसणार नाही ते रेखाटावे लागत नाही. छायाबाहुलीला चेहऱ्यावरचे सूक्ष्म भाव लागत नाहीत, लघुचित्राला वास्तववादी प्रकाशाची गरज नसते. निर्मात्यांनी प्रत्येक निर्णय याच हिशेबाने घेतला असे आमचे म्हणणे नाही, पण त्यांच्या सौंदर्यदृष्टीने यंत्रावरचा भार हलका केला हे निश्चित. येथे कार्यक्षमता ही इंजिनच्या आवृत्तीतून नव्हे, तर रचनेच्या शिस्तीतून आलेली आहे.

नेमके काय बदलले?

अनरिअल इंजिन ४ हे २०१४ मध्ये, तर अनरिअल इंजिन ५ हे एप्रिल २०२२ मध्ये सर्वांसाठी उपलब्ध झाले. नव्या आवृत्तीत दोन सुविधा प्रमुख होत्या : नॅनाइट व ल्युमेन. पूर्वी एखाद्या खांबाच्या जवळून व दुरून पाहावयाच्या तीन-चार प्रतिकृती कारागिराला तयार कराव्या लागत. नॅनाइट मूळ प्रतिकृतीचे लहान लहान गट पाडते आणि पडद्यावर दिसेल तेवढाच तपशील दर फ्रेमला निवडते. पूर्वी स्थिर दृश्यावर परावर्तित होणारा प्रकाश आधीच मोजून पृष्ठभागांवर कायमचा उतरविला जाई. ल्युमेन तो खेळ चालू असतानाच मोजते.

संगीत नाटकांच्या काळातील रंगविलेला पडदा आठवावा. त्यावरचे ऊन चित्रकाराने एकदाच रंगवून ठेवलेले असे, प्रयोगाच्या वेळी त्याचा खर्च शून्य. मात्र सकाळचा प्रवेश संध्याकाळी करावयाचा झाला, तर पडदाच बदलावा लागे. ल्युमेन म्हणजे प्रत्येक प्रयोगाला नव्याने चालविलेली प्रकाशयोजना. ती लवचीक आहे, पण प्रत्येक प्रयोगाला तिची किंमत मोजावी लागते.

तेव्हा नव्या आवृत्तीत काम नाहीसे झालेले नाही, त्याचे स्थलांतर झाले आहे. जे श्रम निर्मात्याच्या कार्यशाळेत होत ते आता खेळणाऱ्याच्या यंत्रात होतात. छोट्या संस्थेच्या दृष्टीने हे वरदान आहे, कारण प्रकाश मोजला जाईपर्यंत तासन्‌तास थांबावे लागत नाही. परंतु ज्याचे यंत्र जुने आहे त्याच्याकडून ही बचत वसूल केली जाते. स्विच वा प्लेस्टेशन ४ यांच्या पिढीच्या यंत्रांसाठी या दोन्ही सुविधा मुळी उपलब्धच नाहीत.

दोष साधनाचा की कारागिराचा?

अनरिअलची निर्माती एपिक गेम्स हिचे प्रमुख टिम स्वीनी यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये सोल येथे असे प्रतिपादन केले की, अडचणीचे मूळ कामाच्या क्रमात आहे : निर्माते आधी उच्च क्षमतेच्या यंत्रासाठी गेम घडवितात आणि सामान्य यंत्रावरची चाचणी शेवटावर ढकलतात. ‘राजी’चे उदाहरण या विधानाला पुष्टीच देते.

तथापि हे विधान अपुरे आहे. अनरिअल ५ मध्ये नवा प्रकल्प उघडला की ल्युमेनसारख्या खर्चिक सुविधा सामान्यतः आधीच चालू असतात. त्या बंद करून जुन्या पद्धतीने प्रकाश उतरविता येतो हे खरे. पण अननुभवी विद्यार्थी वा चार-पाच जणांची संस्था आयती मिळालेली मांडणीच स्वीकारते. साधन ज्या दिशेला झुकलेले असते, कारागिराचा हातही त्याच दिशेला वळतो. म्हणून दोष केवळ कारागिराच्या माथी मारणे न्याय्य नव्हे.

तुलनेची पद्धत

या विवेचनावरून तुलनेच्या काही अटी निष्पन्न होतात. पहिली, दोन्ही आवृत्त्यांकडून समान काम मागितले पाहिजे. एकीकडे उतरविलेला प्रकाश व दुसरीकडे ल्युमेन अशी तुलना आवृत्त्यांची नसून पद्धतींची होते. दुसरी, ‘नवी आवृत्ती’ हे एकसंध प्रकरण नाही. ५.० व एप्रिल २०२४ मधील ५.४ यांतही कार्यक्षमतेच्या दृष्टीने फरक आहे, म्हणून आवृत्तीचा पूर्ण क्रमांक दिला पाहिजे. तिसरी, सरासरीवर विसंबू नये. एका सेकंदात ५९ फ्रेमना प्रत्येकी १५ मिलिसेकंद आणि एकीला ११५ मिलिसेकंद लागले, तर सरासरी बरोबर ६० येते, पण खेळणाऱ्याला तो एक हिसका स्पष्ट जाणवतो. चौथी, चाचणीचे यंत्र ज्यांच्यासाठी गेम आहे त्यांच्याकडे असणारे असावे.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेचा प्रश्न

हा प्रश्न आपल्या दारापर्यंत आलेला आहे. विनामूल्य व मुक्तस्रोत असल्याने अध्यापनास सोयीचे असलेले गोडो हे इंजिन पाहा. त्याची चौथी आवृत्ती १ मार्च २०२३ रोजी आली. तिने व्हल्कन ही नवी चित्रणप्रणाली स्वीकारली आणि जुन्या ग्राफिक्स व्यवस्थेला चालणारी ओपनजीएल ईएस २ ची सोय काढून टाकली. तुलनेने जुन्या यंत्रांसाठी वेगळी सुसंगत चित्रणपद्धती ठेवली असली, तरी तिच्याही किमान अटी पूर्वीपेक्षा वरच्या आहेत. परिणामी स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या जुन्या संगणकावर तिसरी आवृत्ती चालते, पण चौथी चालेलच असे नाही. ‘सेकंदाला किती फ्रेम’ हा प्रश्न अशा विद्यार्थ्यासाठी गौण ठरतो, कारण त्याच्यापुढे पडदाच उघडत नाही. तिसऱ्या आवृत्तीची देखभाल मात्र थांबलेली नाही, ३.६ ही आवृत्ती सप्टेंबर २०२४ मध्ये आली. म्हणून तिला कालबाह्य ठरवून अभ्यासक्रमातून काढण्याची घाई करण्याचे कारण नाही.

समारोप

जुनी आवृत्ती वेगवान व नवी मंद, किंवा याच्या उलट, ही दोन्ही विधाने अर्धवट आहेत. कार्यक्षमता हा इंजिनचा अंगभूत गुण नाही. मागितलेले काम, उपलब्ध यंत्र आणि निर्मात्याचा विवेक या तिघांच्या संबंधातून ती सिद्ध होते. आवृत्तीबदलाने या संबंधातील भार कोणावरून कोणावर गेला, हे शोधणे हेच चिकित्सेचे खरे काम होय. अध्यापकांनी विद्यार्थ्यांना नव्यात नवे इंजिन शिकवावे, परंतु त्याआधी एक फ्रेम मोजावयास शिकवावे. तीही प्रयोगशाळेतील सर्वांत जुन्या संगणकावर.