घराच्या जाहिरातीची भाषा : पुसदच्या निमित्ताने

घर विकत घेण्याचा व्यवहार हा वाङ्मयसमीक्षेचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका आमच्या काही वाचकांस येईल. तिला उत्तर इतकेच की, ज्या वर्णनावर विसंबून माणूस आयुष्याची पुंजी लावतो, त्या वर्णनाच्या भाषेची परीक्षा होणे अगत्याचे आहे. पुसदसारख्या तालुक्याच्या गावी घर पाहावयाचे तर पूर्वी नातलग, सोयरे किंवा दलाल यांच्या तोंडून त्याची माहिती मिळे. आज पुण्यामुंबईस नोकरी करणारा मुलगा आईवडिलांसाठी गावी घर शोधू लागतो, तेव्हा तो प्रथम आंतरजालाकडे वळतो. तेथे त्याला जे वाचावयास मिळते, त्याचाच येथे विचार करावयाचा आहे.

घराच्या वर्णनाची मराठीत जुनी परंपरा आहे. ती कथाकादंबऱ्यांपेक्षा खरेदीखतात अधिक स्पष्ट दिसते. खरेदीखतात मिळकतीच्या चतुःसीमा दिलेल्या असतात : पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस सरकारी रस्ता, दक्षिणेस बोळ, उत्तरेस तमक्याची मोकळी जागा. ही भाषा रुक्ष खरी; तथापि तिच्यामागील कल्पना विचार करण्याजोगी आहे. घर कोणते, हे तेथे शेजाऱ्यांच्या साक्षीने ठरते. आंतरजालावरील जाहिरातीत याच्या नेमके उलट घडते. खोल्या, क्षेत्रफळ, किंमत, मजला ही चौकट आधी आखलेली असते व घर मागाहून तीत बसविले जाते. शेजारी नाहीसा होतो. त्याच्या जागी बसस्थानक, शाळा, दवाखाना यांची मिनिटांत मोजलेली अंतरे येतात. ती मिनिटे पायी चालण्याची की दुचाकीची, याचा खुलासा क्वचितच आढळतो.

ही चौकट महानगराची आहे. ९९एकर्स (२००५) आणि मॅजिकब्रिक्स (२००६) ही संकेतस्थळे प्रामुख्याने मोठ्या शहरांतील सदनिकांच्या बाजारासाठी वाढली. (सदनिका विकणाऱ्याने नाव मात्र शेतीच्या मापाचे घ्यावे, हा योगायोग मोठा गमतीचा.) ‘प्राइम लोकेशन’ हे विशेषण तेथून पूस नदीकाठच्या या गावी येते, तेव्हा ते कशाच्या मानाने ‘प्राइम’, हे कळण्यास मार्ग नसतो. ‘दोन बीएचके’ या संज्ञेतही तीच अडचण आहे. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने चटई क्षेत्राची व्याख्या केली, हे फार चांगले झाले. पण त्या व्याख्येत सदनिकेपुरती असलेली बाल्कनी किंवा व्हरांडा आणि उघडी गच्ची यांचे क्षेत्र मोजले जात नाही. फसवणूक टाळण्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु वैशाखात सायंकाळी बसावयास ओसरी आणि रात्री निजावयास गच्ची लागते, अशा वऱ्हाडातील घराचा बराचसा भाग या मोजमापात वाचकाच्या नजरेआड राहतो.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे या वर्णनांतील मौन. जमीन भोगवटादार वर्ग १ ची की वर्ग २ ची? वर्ग २ ची असल्यास तिच्या हस्तांतरणास पूर्वपरवानगी लागते. विदर्भातील शहरांत जागा नझूलची आहे काय, हाही प्रश्न असतोच. सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात कर्जाचा बोजा आहे काय? स्वयंपाकघरातील ओट्याच्या दगडाविषयी दोन ओळी लिहिणारा जाहिरातदार याविषयी एक अक्षरही लिहीत नाही, असे पुष्कळदा दिसते. वरील अधिनियमाच्या कलम १२ ने प्रवर्तकाच्या जाहिरातीतील खोट्या विधानास नुकसानभरपाईचे उत्तरदायित्व जोडले. म्हणजे अलंकारिक गद्यालाही कायद्याने जबाबदार धरले. तथापि ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पास नोंदणीची सक्ती नाही, आणि एखाद्या गृहस्थाने आपले जुने घर विकावयास काढले तर तो प्रवर्तक ठरत नाही. लहान गावातील पुष्कळसे व्यवहार याच स्वरूपाचे असतात. तेव्हा जेथे शब्दांवर पहारा सर्वांत कमी, तेथेच वाचकाने अधिक सावध राहिले पाहिजे.

मात्र याच आंतरजालाने वाचकाच्या हाती प्रतिपक्षाचे कागदही दिले आहेत, हे मान्य केले पाहिजे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, नगर भूमापन झालेल्या भागातील आखीव पत्रिका, नोंदणी विभागाची सूची क्रमांक दोन हे सर्व घरबसल्या पाहता येते. जाहिरात आणि सातबारा शेजारी ठेवून वाचले असता एकाच जागेच्या दोन संहिता समोर येतात. पहिलीत विशेषणे पुष्कळ आणि मालकाचे नाव बहुधा झाकलेले. दुसरीत विशेषण एकही नाही, पण नावे, फेरफार क्रमांक आणि बोजे सगळे उघड. पाठचिकित्सा शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी असा एखादा जोडपाठ अभ्यासास घेतला, तर तो वाया जाणार नाही.

चतुःसीमा अद्याप लोपलेल्या नाहीत. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवावयाच्या दस्ताच्या परिशिष्टात त्या आजही लिहिल्या जातात, आणि दूर राहणाऱ्या खरेदीदारास आपल्या भावी शेजाऱ्याचे नाव पुष्कळदा तेथेच, सहीच्या वेळी, प्रथम वाचावयास मिळते.