पाया स्वतंत्रपणे घ्यावा

समीक्षक व्हायला निदान एम.ए. तरी व्हावे लागते, असा माझा समज होता. मी साधा बी.कॉम.; वीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसून लोकांच्या सह्यांचे तेवढे परीक्षण करीत आलो. पण गेल्या मे महिन्यात जळगावच्या आमच्या गच्चीवर एक कृती हाती पडली आणि आपणही टीका लिहावी अशी उबळ आली. कृती चार पानांची. लेखक अनामिक. विषय : नऊ फुटी छत्री कशी उभारावी.

आधी पार्श्वभूमी. आई धुळ्याहून कायमची आमच्याकडे राहायला आली. धुळ्याचे घर जुने, धाब्याचे. त्या मातीच्या सपाट छपरावर कुरडया, पापड आणि गल्लीभरच्या बातम्या एकत्रच वाळत पडत. इथे ती पंख्याखाली गप्प बसून राही. आई बोलत नाही म्हणजे खात्यावरचा व्यवहार बंद पडल्यासारखे. शिल्लक असते, पण काळजी वाटते. गच्चीवर बसवावे, तर मे महिन्यात इथला पारा 45 अंशांना हात लावून येतो. म्हणून हॉटेलच्या हिरवळीवर असते तसली छत्री मागवली. सोबत ही पुस्तिका आली.

सुरुवात झोकदार आहे. पहिलाच शब्द ‘अभिनंदन!’ काही केलेले नसताना माझे अभिनंदन आजवर कोणी केलेले नाही. केल्यावरही फारसे केलेले नाही. मग पात्रपरिचय : खांबाचा खालचा भाग ‘अ’, वरचा ‘ब’, आठ काड्यांचे कापड ‘क’ आणि फिरवले की दोरी गुंडाळून छत्री उघडणारे हँडल ‘ड’. भाषाशैली मात्र अनुवादित. ‘ब ला अ मध्ये सौम्यतेने बळजबरी करा’ हे वाक्य वाचून सौ.ने पुस्तिका मुलाच्या हातून काढून घेतली. चित्रांचे वास्तवाशी नाते नाही. चित्रातला गृहस्थ इस्त्रीच्या शर्टात, एकटा, हसत छत्री उभारतो. आम्ही चौघे होतो, शेजारचे काका धरून, आणि हसत फक्त काका होते.

काही मोक्याच्या जागा लेखकाने मोकळ्या सोडल्या आहेत. छत्रीच्या टोकाशी कापडाला एक फट ठेवून वर छोटी टोपी शिवलेली असते. खालून शिरलेला वारा तिथून निसटावा, ही त्यातली खुबी. पुस्तिका यावर मौन पाळते. मी छत्री फाटकी आली म्हणून परत पाठवायला निघालो होतो.

पण खरा दोष शेवटच्या पानावर. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात एकच ओळ : ‘पाया स्वतंत्रपणे घ्यावा.’ कर्जाच्या करारातही खरा मजकूर असाच शेवटी आणि बारीक असतो. रोज लोकांना ‘नीट वाचून सही करा’ सांगणारा मी, ती ओळ न वाचताच खांब वाळूच्या कुंडीत रोवून मोकळा झालो.

चारच्या सुमारास वावटळ उठली. छत्री कुंडीसकट दोन पावले चालली, आडवी झाली आणि कठड्याला अडकली. एक काडी आईच्या कपाळापासून वीतभर अंतरावरून गेली. त्या वेळी काकासुद्धा हसले नाहीत. रात्री मुलाने हिशेब मांडला : साठेक चौरस फूट कापडाने ताशी 40 किलोमीटरचा वारा पुरता अंगावर घेतला, तर 40 किलोंच्या आसपास धक्का बसतो. ज्या वाऱ्याने रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा आडव्या होतात, त्याच्यापुढे माझी कुंडी ती काय!

इथे तुलनात्मक समीक्षा करायला हवी. जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठा. तिथल्या 19 व्या लेण्यातल्या स्तूपावर एकावर एक तीन दगडी छत्र्या आहेत. पाचव्या शतकापासून उभ्या. तिथे वावटळ पोचत नाही हे खरे. पण पाया, स्तूप, छत्र्या, सगळे एकाच खडकातून कोरलेले. पाया स्वतंत्रपणे घ्यावा, असे त्या कारागिरांना कोणी सांगितले नव्हते.

आईने ही समीक्षा माझ्याआधी एका वाक्यात केली होती. छत्री उघडली तेव्हाच ती म्हणाली होती, “अरे भाऊ, याले पाया कोठे शे?” आम्ही ऐकले नाही. दुसऱ्या दिवशी तिने धुळ्याहून हट्टाने आणलेला, आणि मी ‘अडगळ’ म्हटलेला, घरोटा वर न्यायला लावला. घरोटा म्हणजे आपले जाते. आसोद्याच्या बहिणाबाईंनी ज्याच्यावर गाणे रचले ते. खालच्या तळीचा खुंटा काढला, वरच्या तळीच्या भोकातून खांब घातला, पाचर ठोकली, भोवती वाळूची पोती रचली. छत्री हलेना.

आता संध्याकाळी तिथे कुरडया आणि बातम्या पुन्हा एकत्र वाळतात. पान हलले की आई हाक मारते, “वारा उना, मिटी दे!” आणि मी निमूटपणे ‘ड’ फिरवतो. पुस्तिकेत न लिहिलेला हाच सर्वांत महत्त्वाचा नियम.

पुस्तिका उडू नये म्हणून आईने ती घरोट्याखाली सारून ठेवली आहे. त्या कृतीलाही अखेर पाया मिळाला.