रजोनिवृत्त स्त्रियांचे हृदयरक्षण आणि वनस्पतीजन्य अर्क : सोयाविषयक दाव्यांची चिकित्सा

प्रस्तावना

रजोनिवृत्तीनंतर अंडाशयातील इस्ट्रोजेनची निर्मिती घटते, रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल वाढते आणि स्त्रियांना तोपर्यंत लाभलेले हृदयविकारापासूनचे संरक्षण क्रमाने ओसरते. ही उणीव इस्ट्रोजेनसदृश वनस्पतीजन्य द्रव्यांनी भरून निघेल, या अपेक्षेने सोया, लाल क्लोव्हर इत्यादींच्या अर्कांच्या गोळ्या बाजारात आल्या. त्यांपैकी सोयातील आयसोफ्लेव्होन या द्रव्यांवर विपुल संशोधन झालेले असल्याने प्रस्तुत लेखात त्यांच्याविषयीच्या दाव्यांचा परामर्श घेतला आहे.

दाव्याची पार्श्वभूमी

१९९५ मध्ये अँडरसन व सहकाऱ्यांनी ३८ नियंत्रित चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. सोया प्रथिनांमुळे एलडीएल सुमारे १२.९ टक्क्यांनी घटते, असा त्याचा निष्कर्ष होता. १९९९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने रोज २५ ग्रॅम सोया प्रथिनांच्या सेवनाशी हृदयरक्षणाचा दावा जोडण्यास अनुमती दिली. ही अनुमती आहारातील प्रथिनांपुरती होती. गोळीतील अर्काला ती लागू नव्हती. व्यापारी प्रचारात मात्र हा भेद पुसला गेला.

पुराव्याची चिकित्सा

पहिला आक्षेप मोजमापासंबंधी आहे. कोलेस्टेरॉल घटणे आणि हृदयविकाराचा झटका टळणे या दोन भिन्न गोष्टी होत. संप्रेरक उपचारांचा इतिहास याची साक्ष देतो. इस्ट्रोजेनमुळे एलडीएल कमी होत असे आणि निरीक्षणात्मक अभ्यासांत संप्रेरके घेणाऱ्या स्त्रियांत हृदयविकार कमी आढळत असे. तरीही १९९८ च्या ‘हर्स’ चाचणीत हृदयविकारग्रस्त २,७६३ स्त्रियांना या उपचाराचा एकंदर लाभ झाला नाही. पुढे १६,६०८ स्त्रियांवरील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ची संयुक्त संप्रेरकांची चाचणी धोका लाभापेक्षा अधिक दिसल्याने २००२ मध्ये थांबवावी लागली. या धक्क्यानंतर ‘नैसर्गिक’ पर्याय म्हणून अर्कांकडे ओढा वाढला. परंतु ज्या तर्काने फसगत झाली, तोच तर्क अर्कांच्या समर्थनार्थ पुन्हा वापरला गेला.

दुसरे असे की, कोलेस्टेरॉलवरील परिणामही पुढे क्षीण ठरला. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००६ मध्ये २२ चाचण्यांचा आढावा घेतला. त्यात एलडीएलमधील घट जेमतेम ३ टक्के भरली आणि वेगळ्या काढलेल्या आयसोफ्लेव्होनचा प्रभाव आढळला नाही. २०१७ मध्ये अन्न व औषध प्रशासनानेच आपली अनुमती मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला.

तिसरा मुद्दा २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘विश’ चाचणीचा. ३५० रजोनिवृत्त स्त्रियांत सुमारे २.७ वर्षे मानेतील धमनीच्या भित्तिकेची जाडी मोजली गेली. सोया गटात जाडी वाढण्याचा वेग १६ टक्क्यांनी कमी होता, पण हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या सार्थ नव्हता. रजोनिवृत्तीला पाच वर्षे न झालेल्या उपगटात मात्र तो ६८ टक्के दिसला. हा आकडा आशादायक असला तरी लहान उपगटातील निष्कर्ष नव्या चाचणीचा विषय होऊ शकतो, उपचाराचा आधार नव्हे.

याखेरीज, सोयातील डेडझीनचे इक्वॉल या अधिक प्रभावी द्रव्यात रूपांतर करणारे जिवाणू सर्वच स्त्रियांच्या आतड्यांत नसतात. त्यामुळे समान मात्रेचा परिणाम समान होईल असे गृहीत धरता येत नाही. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन मुबलक पिकत असले तरी गाळपानंतर आयसोफ्लेव्होन पेंडीत राहतात, तेलात जवळजवळ उतरत नाहीत. सोयाबीन तेलाच्या वापरास हृदयरक्षणाचा हा युक्तिवाद म्हणूनच लागू पडत नाही.

समारोप

आयसोफ्लेव्होनच्या गोळ्यांनी हृदयविकाराचे झटके वा मृत्यू घटल्याचे सिद्ध करणारी मोठी नियंत्रित चाचणी उपलब्ध नाही. मांसाहारातील स्निग्धांशांऐवजी आहारात सोया घेणे हितावह असू शकते. तथापि रक्तदाब वा मधुमेह असलेल्या स्त्रीने अर्काच्या भरवशावर सिद्ध उपचार सोडल्यास तिची हानीच संभवते. म्हणून अशा प्रत्येक दाव्याबाबत नेमके काय मोजले आणि कोणत्या स्त्रियांत मोजले, हे प्रश्न प्रथम विचारले जाणे अगत्याचे आहे.