पलटे आणि राग

पलटे घोटण्यामागे एक गणित आहे. पुनरुक्ती टाळल्यास चार स्वरांचे २४ आणि सात स्वरांचे ५०४० क्रम होतात. शार्ङ्गदेवाने १३व्या शतकातील ‘संगीतरत्नाकरा’त खंडमेरूच्या कोष्टकाने हा विस्तार मांडला.

परंतु गणित म्हणजे गायन नव्हे. मारव्यात पंचम वर्ज्य होताच सातांचे सारे क्रम बाद ठरतात; सहांच्या ७२० क्रमांतूनही रिषभ-धैवतांचे प्राबल्य राखणारेच रागाला मानवतात. खंडमेरूचा व्यासंग केलेल्या अमीर खाँ (१९१२–१९७४) यांच्या मारव्यात ऐकू येते ती संथ आलापी, कोष्टक नव्हे.

पलटा कंठाला सर्व वाटा दाखवितो. कोणत्या सोडाव्यात, हे राग शिकवितो. जिच्यात केवळ हिशेब ऐकू येतो, ती तान अद्याप रियाजच होय.