लिंकनचे दुसरे शपथविधी-भाषण : समेट आणि हिशेब

४ मार्च १८६५ रोजी अब्राहम लिंकनने दुसऱ्या शपथविधीच्या वेळी केलेले भाषण बहुधा त्यातील समेटाच्या अखेरच्या वाक्यावरूनच वाचले जाते. हे वाचन अपुरे आहे. त्याआधीच्या परिच्छेदात गुलामांच्या अडीचशे वर्षांच्या बिनमोबदला श्रमाचा हिशेब आहे. यादवी युद्ध ही त्याची ईश्वरी वसुली असू शकेल, असे सुचवताना लिंकन उत्तरेलाही ऋणकोंच्या पंक्तीत बसवतो. विजय दृष्टिपथात असताना विजेत्या पक्षाच्या अध्यक्षाने हे म्हणावे, यात भाषणाची खरी धार आहे. (ते लोकांना रुचणार नाही, याची त्याला जाणीव होती, थर्लो वीडला लिहिलेल्या १५ मार्चच्या पत्रात ती दिसते.) हिशेब गाळून केवळ समेट उचलणारा समीक्षक गुलामांनाच संहितेबाहेर काढतो. लिंकनच्या संथ धोरणावर पूर्वी कठोर टीका करणाऱ्या फ्रेडरिक डग्लसने मात्र त्याच दिवशी व्हाइट हाउसमध्ये या भाषणाची मुक्तकंठाने प्रशंसा केली.