वळसा म्हणजे लांबची वाट नव्हे

ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात, गीतेच्या चौदाव्या श्लोकावर बोलताना माउलींनी मायेची नदी उभी केली आहे. या रूपकावर कीर्तने पुष्कळ होतात, पण त्यातला एक शब्द हल्ली घाईत उरकला जातो. त्या नदीत द्वेषाचे 'आवर्त' आहेत आणि मत्सराचे 'वळसे'. बरेच वक्ते दोन्हींना भोवरा म्हणून पुढे जातात. काही जण तर वळसा म्हणजे फेरा, लांबची वाट, असे सांगतात. वणीहून गडावर जाताना डोंगराला वळसा घालणारा रस्ता आपण रोज पाहतो, 'काखेत कळसा, गावाला वळसा' म्हणतो, म्हणून तो अर्थ चटकन तोंडी येतो. पण वाहत्या पाण्याच्या वर्णनात लांबची वाट कुठे बसणार? इथला वळसा म्हणजे फिरते पाणीच.

मग शब्द दोन का? ही नुसती पुनरुक्ती आहे असे मला वाटत नाही. आवर्ताजवळ माउली 'दाटणे' ठेवतात, वळशाजवळ 'पडणे'. द्वेष साचत साचत दाट होतो आणि एकाच माणसाभोवती फिरतो. मत्सराची तऱ्हा वेगळी. कादवेला पूर आला की पुलाच्या खांबामागे पाहावे. मुख्य धार पुढे निघून जाते आणि आडोशाचे पाणी उलटे फिरत राहते. तिथे सापडलेल्या काडीची धावपळ मोठी, पण तिची वाट काही सरत नाही. एक वळसा मोडतो, तोच दुसरा पडतो. दिंडीत चाल कोणाला मिळाली, काल्याचे कीर्तन कोणाकडे गेले, हे मोजत बसणाऱ्याचे असेच होते.

(आवर्ताचा धातू आपल्या शेतकऱ्याच्याही तोंडी आहे. पाटाला 'आवर्तन' सुटते ते त्यातलेच.)

पुढे माउली पोहायला निघालेल्यांची गत सांगतात. स्वतःच्या बुद्धीच्या बळावर उतरलेल्यांचा पत्ताच लागत नाही. जाणतेपण मिरवणाऱ्यांना गर्व गिळतो, आणि त्या ठिकाणी शब्द आवर्त नाही, वळसाही नाही. तिथे 'डोह' आहे. डोहाचे पाणी वरून संथ दिसते, फेस नाही, आवाज नाही. कीर्तनात या शब्दापाशी घटकाभर थांबावे. तो श्रोत्यांपेक्षा गादीवर उभ्या असलेल्या आम्हा मंडळींना अधिक लागू आहे.