ग्रंथपालाचा नवा चव्हाटा

ग्रंथालयाने चार भिंतींच्या आत वाचकाची वाट पाहत बसावे, की वाचक जेथे जमतात त्या चव्हाट्यावर आपण होऊन जावे, हा प्रश्न आज प्रत्येक ग्रंथपालापुढे उभा आहे. मायकेल केसी ह्या अमेरिकन ग्रंथपालाने २००५ साली ‘लायब्ररी २.०’ ही संज्ञा प्रचारात आणली आणि २००७ साली लॉरा सॅव्हास्टिनुक ह्यांच्या सहकार्याने त्याच नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रंथालयाने सतत पण हेतुपूर्वक बदलत राहावे, सेवेच्या घडणीत वाचकांस सहभागी करून घ्यावे आणि जे अद्याप उंबऱ्याच्या आत आलेले नाहीत त्यांच्यापर्यंतही पोहोचावे, असे ह्या विचाराचे सार आहे. आंतरजालावरील सामाजिक साधने ह्या कार्यास उपयोगी पडतील, अशी त्याच्या पुरस्कर्त्यांची श्रद्धा.

ह्या विचारात नवे किती, ते प्रथम पाहिले पाहिजे. गणिताचे अध्यापन सोडून ग्रंथपाल झालेल्या रंगनाथनांनी १९३१ साली आपले पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकास त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकास त्याचा वाचक मिळावा, हे त्यांतील दोन. ग्रंथालय ही वाढती सजीव संस्था आहे, हा पाचवा. त्याच्याही आधी सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन ह्या अमेरिकन तज्ज्ञास बडोद्यास आणले आणि तेथून पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेडोपाडी जाऊ लागल्या. तेव्हा वाचकाकडे जाण्याची कल्पना आम्हांस परकी नाही. नवे आहे ते इतकेच की, पेटी पुस्तक घेऊन जाई. ही साधने वाचकाचे म्हणणे घेऊन परत येतात.

आणि हे परत येणे अल्प मोलाचे नव्हे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जानेवारी २००८ मध्ये ‘फ्लिकर’ ह्या स्थळावर आपल्या संग्रहातील सुमारे तीन हजार छायाचित्रे लोकांपुढे ठेवली. हा चेहरा कोणाचा, ही इमारत कोठली, हे अनेकांनी ओळखून सांगितले. आणि पडताळा घेऊन ग्रंथालयाने स्वतःच्या सूचीतील शेकडो नोंदी सुधारल्या. त्याच्या आदल्याच वर्षी अॅन आर्बर येथील सार्वजनिक ग्रंथालयाने आपल्या सूचीतच वाचकांस अभिप्राय लिहिण्याची आणि विषयदर्शक शब्द जोडण्याची मुभा दिली होती. विद्वत्ता ग्रंथपालाच्याच टेबलाशी बसते, हा समज अशा उदाहरणांनी दूर झाला.

ह्या ठिकाणी आम्हांस आमच्या शेजारची एक गोष्ट आठवते. वराळ्याहून तळेगाव हाकेच्या अंतरावर. तेथे १९०८ साली पैसा फंडाचा काचकारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे ह्यांनी गावोगाव हिंडून पैसा पैसा गोळा केला आणि त्या क्षुद्र नाण्यांतून एक उद्योग निर्माण झाला. वाचकाने सूचीत टाकलेली एक ओळ हाही असाच एक पैसा आहे. परंतु पैसा फंडाची वही कोणाची होती? ती लोकांच्या नावे राखलेली होती. ‘लायब्ररी २.०’च्या उत्साही पुरस्कर्त्यांस आमचा आक्षेप आहे तो येथे. वर्गणी कशी गोळा करावी हे ते आवेशाने सांगतात. वही कोणाच्या घरी राहावी ह्याचा विचार मात्र पुरेसा करीत नाहीत.

‘डेलिशस’चे उदाहरण घ्या. उपयुक्त स्थळांच्या विषयवार याद्या करण्याचे हे साधन २००३ साली निघाले आणि अनेक ग्रंथपालांनी आपल्या संदर्भयाद्या त्यावर मांडल्या. २००५ साली ते याहूने घेतले, २०११ साली विकले, पुढे आणखी हात बदलले आणि २०१७ साली त्यात नवी भर घालणेच बंद झाले. व्यापाऱ्याने दुकान आवरले ह्यात त्याचा अपराध नाही. दुकानास दप्तरखाना समजणाराची ती चूक होय. उलट वर सांगितलेले दोन्ही प्रयोग यशस्वी झाले, कारण चव्हाटा कोणाचाही असो, शेवटची नोंद ग्रंथालयाच्या सूचीत उतरली.

दुसरी शंका अधिक नाजूक आहे. कोणी कोणते पुस्तक नेले, हे ग्रंथपाल दुसऱ्यास सांगत नाही. हा त्याच्या व्यवसायाचा धर्म आहे. दुखण्यावरचे, घटस्फोटाच्या कायद्यावरचे किंवा घरी न रुचणाऱ्या मताचे पुस्तक गावातील एखादी मुलगी निःशंकपणे मागते, ती ह्याच विश्वासावर. तोच व्यवहार गावच्या व्हॉट्सअॅप गटात गेला की मागणी सर्वांसमोर होते. चव्हाट्यावर येणे ह्या शब्दप्रयोगास मराठीत जो दुसरा अर्थ आहे, तो ग्रंथपालाने विसरू नये.

म्हणून ही साधने टाकावीत काय? मुळीच नाही. वराळ्यासारख्या गावात आता जुन्या घरांशेजारी महाविद्यालयांत शिकणारी परगावची मुले राहतात. त्यांस ग्रंथालयाचा पत्ता हातातील यंत्रावरच कळणार. नव्या पुस्तकांची वार्ता आणि व्याख्यानाचे निमंत्रण तेथे जरूर जावे. मागणी मात्र खाजगीत घ्यावी, आणि वाचकांनी दिलेली माहिती घरच्या सूचीत उतरवावी. वही लोकांचीच असावी अशी इच्छा असेल, तर २००३ पासून चाललेला मराठी विकिपीडिया आहे. तेथील मजकूर मूळ लेखकांस श्रेय देऊन कोणासही उतरून घेता येतो. घर बदलले तरी ठेवा बुडत नाही. ग्रंथपालांनी एकेक संदर्भ तेथे जोडावा, अशी जागतिक मोहीम २०१६ पासून चालू आहे.

रंगनाथनांनी ग्रंथालयास वाढती संस्था म्हटले. वाढणाऱ्या झाडाने फांद्या कुंपणाबाहेर खुशाल न्याव्यात. मूळ मात्र आपल्याच मातीत ठेवावे.